कोळसा आणि शाई: ड्यूररच्या म्हाताऱ्या माणसांकडे सहा दिवस

पहिला दिवस: व्हिएन्ना

चित्रकलेचा शिक्षक म्हणून नोकरी केली त्या तीस वर्षांत मी विद्यार्थ्यांकडून म्हाताऱ्या माणसांचे शेकडो चेहरे काढून घेतले. हेड स्टडीच्या तासाला मॉडेल म्हणून बहुधा एखादे फेटेवाले आजोबाच बसलेले असत, आणि त्यामागे एक सोयीचे कारण होते: सुरकुत्या विद्यार्थ्याला सांभाळून घेतात. विशीतल्या मुलीच्या गुळगुळीत गालावर रेषा कुठे ठेवायची हे कळत नाही. म्हाताऱ्याच्या कपाळावर ती आधीच काढून ठेवलेली असते. त्यामुळे वर्गातली बहुतेक चित्रे सुरकुत्यांची होत, माणसाची क्वचितच. निवृत्तीनंतरही ही रुखरुख गेली नाही, आणि २०२३ च्या जून महिन्यात व्हिएन्ना, न्युरेंबर्ग आणि बर्लिन असा सहा दिवसांचा प्रवास मी ठरवला, तो पुनरुज्जीवनाच्या काळातला जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूरर याने काढलेली म्हातारी माणसे पाहण्यासाठी. सोबत थोरली बहीण आली. ताई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून तिची उभी हयात गेली आहे. चित्रांतले आपल्याला काही कळत नाही असे ती म्हणते. म्हाताऱ्या माणसांतले मात्र तिला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळते, हे मी निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यायला हवे होते.

आल्बर्टिना हे संग्रहालय म्हणजे मुळात एका राजवाड्यातला कागदांचा साठा आहे. सॅक्स-टेशेनचा ड्यूक आल्बर्ट याने १७७६ मध्ये या संग्रहाची पायाभरणी केली आणि १७९६ मध्ये सम्राटाच्या ग्रंथालयाशी अदलाबदल करून ड्यूररची रेखाटने मिळवली. आज येथे त्याची शंभराहून अधिक रेखाटने आहेत; पण ती भिंतीवर कायम टांगलेली दिसतील अशी अपेक्षा ठेवून कोणी गेले तर निराशा ठरलेली. कागदाला उजेड सोसत नाही. रेखाटने प्रदर्शनात येतात तेव्हाही साधारण पन्नास लक्सच्या मंद प्रकाशात, काही महिनेच. त्यानंतर ती कित्येक वर्षांसाठी अंधारात विश्रांतीला जातात. जुन्या दालनांत ड्यूररचा सुप्रसिद्ध ससा दिसला, तो हुबेहूब प्रतिकृतीच्या रूपात. ताईने विचारले, "म्हणजे इतक्या लांब आपण झेरॉक्स बघायला आलो?" मी काही उत्तर दिले नाही. संग्रहालयाच्या दुकानातून ज्या चित्रासाठी व्हिएन्नाला आलो होतो त्याची प्रत्यक्ष आकारातली प्रत मी विकत घेतली आणि गुंडाळी करून नळकांड्यात घातली. हे नळकांडे पुढचे पाच दिवस आमच्या सामानात तिसऱ्या प्रवाशासारखे होते.

संध्याकाळी हॉटेलच्या टेबलावर ती प्रत उलगडून चारही कोपऱ्यांवर ताईच्या औषधांच्या डब्या ठेवल्या. हे ड्यूररने १५२१ मध्ये अँटवर्पला काढलेले एका वृद्धाचे डोके. उंची साडेएक्केचाळीस सेंटीमीटर, म्हणजे खरा चेहरा आपल्यासमोर यावा तितके मोठे. कागद आधी जांभळट करड्या रंगाने रंगवून घेतला आहे, त्यावर कुंचल्याने काळ्या आणि करड्या शाईतली छाया आणि पांढऱ्या रंगातला उजेड. पांढऱ्या कागदावर चित्र काढताना चित्रकाराच्या हाती फक्त सावली असते, उजेड कागदाकडून फुकट मिळतो. कागदच मध्यम छटेचा असला की सावली आणि उजेड दोन्ही हाताने काढावे लागतात, आणि कागद त्या दोहोंच्या मध्ये गप्प बसून राहतो. या चित्रातली शांतता मला पहिल्यांदा तिथे सापडली. दाढीचा एकेक केस पांढऱ्या रेषेने वळवत खाली आणला आहे; त्या केसांत जितकी चपळाई आहे तितकीच डोळ्यांच्या आसपास संथता आहे. डोक्यावर टोपी, एका हातावर टेकलेली कानशिलाची बाजू, आणि पापण्या खाली. हा माणूस आपल्याकडे पाहत नाही.

"किती खोल विचारात आहे बघ," मी म्हणालो.

ताईने चष्मा पुसून घेतला. "विचार कसला करतोय? बसून बसून दमलाय. या वयात हाताला डोकं टेकवलं की पापण्या खाली येतातच. वॉर्डात दुपारी सगळे असेच बसायचे. आम्ही काय म्हणायचो, ध्यानाला बसलेत?"

खरे सांगायचे तर मला राग आला, कारण तिचे म्हणणे मला खोडून काढता येईना. हातावर डोके टेकवलेला माणूस ही चिंतनाची खूण चित्रकलेत फार जुनी आहे. खुद्द ड्यूररने १५१४ च्या 'मेलेंकोलिया' या ताम्रपटात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रात, तीच बैठक वापरली होती. अँटवर्पच्या या म्हाताऱ्याला त्याने तसे बसवले तेही बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमचे तैलचित्र काढायचे होते म्हणून. म्हणजे बैठक चित्रकाराची, दमणूक म्हाताऱ्याची, आणि त्या दोहोंना मिळून आपण चिंतन म्हणतो की काय?

परंतु चित्राच्या वरच्या भागात ड्यूररच्याच हातची एक ओळ आहे. हा माणूस ९३ वर्षांचा होता आणि तरीही धडधाकट नि करतासवरता होता, अँटवर्पमध्ये, असा तिचा आशय. ती वाचून दाखवल्यावर ताई थोडी थांबली. त्र्याण्णव वर्षांच्या माणसाबद्दल कोणी 'करतासवरता' असे लिहून ठेवले, याचे तिला नवल वाटले असावे. मला ती ओळ दुसऱ्याच कारणाने महत्त्वाची वाटते. खाली वळलेल्या पापण्यांत आपण ऱ्हास वाचू, मरणाची चाहूल वाचू, हे जणू ओळखून ड्यूररने शेजारीच लिहून ठेवले आहे की तसे नाही.

यावरून बनवलेले जेरोमचे चित्र आज लिस्बनच्या प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ड्यूररने ते १५२१ च्या मार्चमध्ये अँटवर्पच्या पोर्तुगीज व्यापारी वखारीतील रॉड्रिगो याला भेट दिले, अशी नोंद त्याच्या प्रवासाच्या रोजनिशीत आहे. ते चित्र मी फोनवर काढून रेखाटनाशेजारी ठेवले. चित्रात जेरोमची एका हाताची तर्जनी कवटीवर टेकलेली आहे आणि ओलसर डोळे थेट आपल्याकडे वळलेले आहेत. संत झाल्यावर म्हाताऱ्याला आपल्याशी बोलावे लागते, 'हे बघ, तुझेही असेच होणार' असे सांगावे लागते. रेखाटनात त्याला कोणालाच काही सांगायचे नाही. माझे मत विचाराल तर तैलचित्र थोर आहे, पण मी त्याच्यासाठी लिस्बनला जाणार नाही.

दुसरा दिवस: व्हिएन्ना

सकाळी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ड्यूररचे 'त्रिमूर्तीची आराधना' हे १५११ चे चित्र पाहिले. आकाशात संत, राजे, पोप आणि सामान्य माणसे यांची इतकी दाटी आहे की देवाला जागा कशी मिळाली असा प्रश्न पडावा. खाली, ओसाड जमिनीवर, उजव्या कोपऱ्यात एकटा ड्यूरर आपल्या नावाची पाटी धरून उभा आहे. मला पाहायचा होता तो डाव्या बाजूला गुडघे टेकून बसलेला पिकल्या केसांचा माणूस, मॅथेउस लांडाउअर. न्युरेंबर्गच्या या धनिकाने थकलेल्या, काम न झेपणाऱ्या बारा कारागिरांसाठी एक आश्रयगृह बांधले आणि त्याच्या प्रार्थनामंदिरासाठी हे चित्र करवून घेतले. म्हणजे वृद्धाने वृद्धांसाठी करवून घेतलेले हे काम आहे. त्याच्या चेहऱ्याचे कोळशातले रेखाटन फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आहे, आणि त्यावरही ड्यूररने तो कोण ते लिहून ठेवले आहे: लांडाउअर, दाता.

ते रेखाटन मी पूर्वी एकदा पाहिलेले असल्याने चित्रातला चेहरा त्याच्याशी ताडून पाहण्याचा प्रयत्न केला. चित्रात लांडाउअर स्वर्गात पोहोचला आहे, त्याची श्रद्धा नीटनेटकी आहे. कोळशात तो अजून खोलीत आहे. गाल बसलेले, ओठ आत ओढलेले, आणि नजर अशी की समोर काही दिसत असूनही तिथे पोहोचत नाही. पुनरुज्जीवनाच्या काळातल्या व्यक्तिचित्रांविषयी बोलताना आपण तैलचित्रांपाशीच थांबतो, पण म्हातारपणाच्या बाबतीत तरी खरा ऐवज या पूर्वतयारीच्या कागदांत आहे. तैलचित्र गिऱ्हाइकाकडे जायचे असते. कागद चित्रकाराकडेच राहायचा असतो, त्यामुळे तिथे म्हाताऱ्याला कोणासाठी काही व्हावे लागत नाही.

लांडाउअरचे हे चित्र न्युरेंबर्गने १५८५ मध्ये सम्राट रुडॉल्फ दुसरा याला विकले. मूळ कोरीव चौकट मात्र न्युरेंबर्गलाच राहिली. ताई म्हणाली, "फोटो एका भावाकडे आणि फ्रेम दुसऱ्याकडे. वाटणीत होतं असं."

दुपारी पाऊस आला, म्हणून कॉफी पिण्यातच वेळ गेला.

तिसरा दिवस: व्हिएन्ना ते न्युरेंबर्ग

रेल्वेचा प्रवास साधारण पाच तासांचा. लिंझ, पासाऊ, रेगेन्सबुर्ग अशी गावे लागतात आणि काही अंतर डॅन्यूब नदी सोबत करते. खिडकीजवळ बसल्यावर ताईने नळकांड्याकडे बोट दाखवून विचारले, की त्या काळात सगळेच चित्रकार असे म्हाताऱ्यांच्या मागे लागले होते का. तेव्हा मी तिला लिओनार्डोची गोष्ट सांगितली, जी खरे तर चित्रकाराइतकीच परिचारिकेचीही गोष्ट आहे.

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा रुग्णालयात १५०७-०८ च्या हिवाळ्यात लिओनार्डोची एका म्हाताऱ्याशी गाठ पडली. आपण शंभर वर्षे ओलांडली आहेत आणि अशक्तपणाखेरीज आपल्याला कसलाही त्रास जाणवत नाही, असे त्या म्हाताऱ्याने त्याला सांगितले, आणि काही तासांतच खाटेवर बसल्या बसल्या, कसलीही हालचाल न करता, तो गेला. इतक्या गोड मरणाचे कारण काय, हे पाहण्यासाठी लिओनार्डोने त्याचे शवविच्छेदन केले. हृदयाला आणि खालच्या अवयवांना रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या सुकलेल्या, आक्रसलेल्या आढळल्या, आणि त्याने ते लिहून ठेवले. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकाराची इतकी जुनी आणि इतकी नेमकी नोंद दुसरी सापडणे कठीण.

ताईने गोष्ट फार लक्ष देऊन ऐकली आणि मग एकच प्रश्न विचारला: "शेवटचे काही तास तो त्याच्याजवळ बसला होता ना?" मी म्हणालो, बहुधा होता. "मग झालं. बाकी सगळं नंतर फाडून बघितलंस काय नि नाही काय."

लिओनार्डोचे लाल खडूतले दाढीवाल्या वृद्धाचे रेखाटन ट्यूरिनच्या राजग्रंथालयात आहे. पुष्कळ जण ते त्याचे स्वतःचे चित्र मानतात आणि पुष्कळ जण मानत नाहीत. मला त्यात अडचण निराळीच वाटते: ते डोके ऋषीसारखे आहे. कपाळ, दाढी, भुवया, सगळे ज्ञानी पुरुषाला शोभेल असेच. इंग्लंडमध्ये विंडसर येथे त्याचेच एक दुमडीचे पान आहे, एका बाजूला काठी धरून, डोक्याला हात लावून बसलेला म्हातारा आणि दुसऱ्या बाजूला वाहत्या पाण्याचे भोवरे. म्हातारा ज्या दिशेला पाहतो त्या दिशेला पाणी आहे असे वाटते, पण पान उघडून पाहिले नाही तर दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ट्यूरिनच्या ऋषीपेक्षा मला हा बसलेला माणूस जवळचा वाटतो. त्याच्या बाबतीत ताईचा दमणुकीचा सिद्धांत कदाचित पूर्ण लागू पडेल, आणि तरीही तो विचारात आहे असे म्हणण्यापासून मला कोणी अडवू शकणार नाही.

चौथा दिवस: न्युरेंबर्ग

हा दिवस मी वहीत सर्वांत जास्त पाने भरून लिहिला आहे.

सकाळी जर्मॅनिशेस नॅशनलम्युझियममध्ये लांडाउअरच्या चित्राची चौकट पाहिली आणि व्हिएन्नातल्या चित्राची तिला जोड मनातल्या मनात दिली. न्युरेंबर्गला वृद्ध कारागिरांच्या आश्रयगृहांची परंपरा लांडाउअरच्याही आधीची आहे. कोनराड मेंडेल या व्यापाऱ्याने १३८८ मध्येच असे बारा जणांचे घर स्थापन केले होते, आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तिथल्या एकेका वृद्धाचे चित्र एका वहीत काढून ठेवण्याची प्रथा पडली. या वह्या शहराच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांची पाने संगणकावर कोणालाही पाहता येतात. मी आदल्या रात्री ती ताईला दाखवली होती. त्यात लोहार घण उचलतो आहे, चांभार टाका घालतो आहे, सुतार रंधा मारतो आहे. सगळ्यांचे चेहरे जवळपास सारखे, दाढ्या सारख्या. वेगळे काय ते हत्यार. ज्यांना काम झेपत नाही म्हणून तिथे आणले, त्यांना चित्रात मात्र कामावर बसवले आहे. ताईला ही वही फार आवडली. "आमच्याकडे आलेले म्हातारे पण असेच सांगायचे. नाव विचारलं की आधी धंदा सांगायचे."

ही वही आणि ड्यूरर यांच्यामध्ये काहीतरी घडले आहे. वहीत म्हातारपण हत्याराने सांगितले जाई. ड्यूरर ते वर्षांच्या आकड्याने आणि पापणीने सांगतो. मॉडेलच्या हातातून काम काढून घेतल्यावर चित्रकाराला त्याच्या रिकाम्या वेळाकडे पाहावे लागते, आणि हा रिकामा वेळ म्हणजेच कदाचित ते चिंतन, ज्याच्या शोधात मी आलो होतो.

त्याच संग्रहालयात मिखाएल वोल्गेमूटचे १५१६ चे छोटेसे चित्र आहे. ते लाकडावर रंगवलेले आहे, रेखाटन नव्हे, पण त्याला इथे वगळणे अशक्य आहे. वोल्गेमूट हा ड्यूररचा गुरू. डोक्याला काळा रुमाल घट्ट बांधलेला, अंगात फरच्या गळपट्टीचा अंगरखा, मानेवरच्या शिरा दोरखंडासारख्या, आणि पातळ ओठ. चित्रावर ड्यूररने लिहिले आहे की आपण हे आपले गुरू मिखाएल वोल्गेमूट यांच्यावरून केले, आणि ते ८२ वर्षांचे होते. त्याला जोडून नंतर लिहिले आहे की ते १५१९ पर्यंत जगले आणि सेंट अँड्र्यूच्या दिवशी पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, गेले.

सेंट अँड्र्यूचा दिवस म्हणजे ३० नोव्हेंबर. ड्यूररने आपल्या कुटुंबाच्या बखरीत लिहून ठेवले आहे की वडिलांनी त्याला १४८६ मध्ये वोल्गेमूटकडे शागीर्द म्हणून ठेवले ते सेंट अँड्र्यूच्याच दिवशी. तेहतीस वर्षांनी त्याच तिथीला गुरू गेला. ड्यूररने हा योग कुठे बोलून दाखवलेला नाही. त्याने फक्त सूर्य उगवला नव्हता एवढे नोंदवले. आपल्याकडे ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन करतात, नातवंडे ओवाळतात आणि फोटो काढतात. वोल्गेमूटचे ते वय उलटून गेले होते, आणि त्याचा फोटो एका जुन्या विद्यार्थ्याने काढला. शिक्षक म्हणून मला त्या चित्रासमोरून लवकर हलता आले नाही, हे कबूल करतो.

वोल्गेमूटच्या डोळ्यांत पाणी नाही आणि शांतीही नाही. ते चौकटीबाहेर कुठेतरी टक लावून आहेत, तरतरीत आणि काहीसे करारी. चिंतन म्हणजे डोळे मिटणे अशी माझी जी भाबडी समजूत आल्बर्टिनाच्या प्रतीमुळे झाली होती, ती इथे ढळली.

याच दालनांत ड्यूररच्या आईचे, बार्बराचे, १४९० च्या सुमाराचे व्यक्तिचित्र आहे. हे चित्र तिचे आहे आणि तरुण ड्यूररचे आहे, हे १९७० च्या दशकात ओळखले गेले. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात असलेल्या त्याच्या वडिलांच्या चित्राचा तो जोडीदार. हातात जपमाळ धरलेली ही बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले होते. तिला अठरा मुले झाली, त्यांतली तीन मोठी झाली. ताईने अठरा हा आकडा दोनदा विचारून घेतला आणि मग चित्रापेक्षा त्या आकड्याकडेच पाहत असल्यासारखी उभी राहिली.

दुपारी टियरगेर्टनर वेशीजवळचे ड्यूररचे घर पाहिले. घर उंच आहे, खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी चौकटीचे. ड्यूररने ते १५०९ मध्ये विकत घेतले. वडील १५०२ मध्ये वारल्यानंतर दोन वर्षांनी त्याने आईला आपल्याजवळ आणले होते, कारण तिच्यापाशी काही उरले नव्हते. ती निव्वळ आश्रित मात्र नव्हती. जत्रेत बसून ती मुलाची छापील चित्रे विकत असे. याच घराच्या पायऱ्या ती चढली-उतरली असणार. ताईने गुडघ्यांच्या कारणाने वरच्या मजल्यावर यायचे नाकारले आणि खालूनच सांगितले, "तीसुद्धा शेवटी शेवटी वर जात नसेल."

पाचवा दिवस: न्युरेंबर्ग ते बर्लिन

सकाळी योहानिस दफनभूमीत गेलो. आडव्या दगडी शिळांच्या रांगा आणि त्यांवर कुंड्यांतली फुले. ड्यूररच्या शिळेवर त्याचा मित्र पिर्कहाइमर याने लिहिलेला लॅटिन मजकूर आहे: अल्ब्रेख्त ड्यूररमध्ये जे मर्त्य होते ते या ढिगाखाली आहे. तो ६ एप्रिल १५२८ रोजी गेला, सत्तावन्न पूर्ण व्हायला दीड महिना कमी असताना. इतरांचे म्हातारपण इतक्या बारकाईने पाहणाऱ्याला स्वतःचे पाहायला मिळाले नाही. तेराव्या वर्षी त्याने आरशात पाहून चांदीच्या सळईने स्वतःला काढले होते. ते रेखाटन आल्बर्टिनात आहे, आणि त्यावर त्याने पुढे कधीतरी लिहिले की हे मी १४८४ मध्ये, लहान मूल असताना, आरशावरून काढले. वय लिहून ठेवण्याची खोड तेव्हापासूनची.

बर्लिनला जाणारी गाडी तीन तासांत पोहोचते. डब्यात माझी वही बाहेर आली, कारण ताईला समोरच्या जागेवर डुलकी लागली होती. पंधरा मिनिटांत तिचे डोके काढले आणि वही मिटून ठेवली. चित्र वाईट आले होते, सगळ्या सुरकुत्याच होत्या.

सहावा दिवस: बर्लिन

कुल्टुरफोरम हा विटांच्या आणि काँक्रीटच्या इमारतींचा, फारसा देखणा नसलेला परिसर आहे. तिथल्या चित्रदालनात आधी ड्यूररचा हिएरोनिमस होल्झशूअर पाहिला, वय ५७ असे चित्रावर लिहिलेला. त्याचे डोळे इतके तीक्ष्ण आहेत की आपण काहीतरी चोरून नेत आहोत असे वाटते. तिथून लगेच कुप्फरश्टिशकाबिनेट या कागदांच्या संग्रहाकडे वळलो. त्या उन्हाळ्यात तिथे ड्यूररचे प्रदर्शन लागले होते, आणि आमच्या प्रवासाच्या तारखा मी त्यावरूनच ठरवल्या होत्या.

दालनात उजेड इतका कमी होता की डोळे स्थिरावायला वेळ लागला. मग ती दिसली, ड्यूररची आई. कागद साधारण बेचाळीस सेंटीमीटर उंच, आणि सगळे चित्र कोळशात. कागदाला रंग दिलेला नाही, पांढऱ्या उजेडाच्या रेषा नाहीत, कुंचल्याचे कौशल्य नाही. कपाळावर आडव्या रेषा भराभर ओढलेल्या, गालाचे हाड वर आलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोक्यावरचे वस्त्र चार-सहा फटकाऱ्यांत सोडून दिलेले. दोन डोळ्यांची दिशा किंचित वेगळी आहे. पापण्या वर आहेत, डोळे मोठे उघडे आहेत, आणि ते मुलाकडे पाहत नाहीत. व्हिएन्नाच्या म्हाताऱ्याने नजर खाली घेऊन आपल्याला बाहेर ठेवले होते. हिने डोळे उघडे ठेवूनही आपल्याला बाहेरच ठेवले आहे.

मी काही बोलण्याआधीच ताई हळू आवाजात म्हणाली, "हिला अन्न जात नाहीये. कानशिलं बघ, खड्डे पडलेत. ही दोन-तीन महिन्यांची सोबती आहे."

चित्रावर कोळशाने लिहिले आहे: १५१४, ओकुली रविवारी, ही अल्ब्रेख्त ड्यूररची आई, ती ६३ वर्षांची होती. ओकुली हा उपवासाच्या काळातला तिसरा रविवार, त्या वर्षी १९ मार्च. त्याच मजकुराला जोडून पुढे शाईने लिहिले आहे की ती त्याच वर्षी, क्रूस सप्ताहाच्या आधीच्या मंगळवारी, रात्र पडण्याच्या दोन तास आधी गेली. म्हणजे मे महिन्याच्या मध्यात. कोळसा आणि शाई यांच्यामध्ये दोन महिने आहेत. ताईचा अंदाज बरोबर निघाला हे मी तिला सांगितले नाही. तिने आकडेमोड स्वतःच केली.

ड्यूररच्या स्मरणवहीचे एक पान शिल्लक आहे, त्यात आईच्या मृत्यूची हकिकत आहे. वर्षभरापूर्वी एके दिवशी ती अचानक इतकी आजारी पडली की तिच्या खोलीचे दार फोडावे लागले. तिने प्लेग आणि इतर मोठी दुखणी काढली, गरिबी आणि लोकांची कुचेष्टा सोसली, पण मनात कधी सूड धरला नाही, असे तो लिहितो. मरण सोपे आले नाही. तिला काहीतरी भयंकर दिसत असावे असे त्याला जाणवले, कारण बराच काळ बोलणे बंद असूनही तिने पवित्र जल मागितले. आणि शेवटी तो लिहितो, की मेल्यावर ती जिवंतपणी होती त्यापेक्षा सुंदर दिसत होती. हे शेवटचे वाक्य मला नेहमी साहित्यिक वाटत आले होते, मुलाच्या प्रेमाने सजवलेले. ताईला मी ते तसेच सांगितले.

"नाही रे," ती म्हणाली. "तसंच होतं. चेहरा सैल सुटतो, कपाळावरच्या आठ्या जातात. नातेवाईक म्हणतात, किती शांत दिसतायत. आम्हाला ते रोज ऐकायला यायचं. त्यानं नुसतं बघितलं ते लिहिलंय."

ज्या वर्षी मुलाने हे काढले त्याच वर्षी त्याने 'मेलेंकोलिया' आणि अभ्यासिकेत बसलेला जेरोम हे दोन ताम्रपट केले. तिथे चिंतनाभोवती किती सामान आहे: तराजू, वाळूचे घड्याळ, कवटी, सिंह, पंख. आईच्या कागदावर यांपैकी एकही वस्तू नाही. मला वाटते, त्या दोन ताम्रपटांचा अर्थ लावण्यात पिढ्यान्पिढ्या गेल्या त्याचे कारण तिथे अर्थ लावायला वस्तू आहेत. इथे फक्त एक बाई आहे जी कुठेतरी पाहते आहे, आणि तिचा मुलगा, जो ती काय पाहते हे विचारत नाही.

आम्ही तासभर थांबलो असू. ताईचे पाय दुखू लागले तेव्हा ती बाकावर बसली, हातातली पिशवी मांडीवर ठेवली आणि एका तळव्यावर हनुवटी टेकवली. हळूहळू पापण्या खाली आल्या. ती दमली होती हे मला माहीत होते. मी वही उघडली आणि या वेळी कपाळाला हातच लावला नाही. पापणीची कड, तिच्याखालची सावली, तळव्याने वर ढकललेला गाल, एवढेच काढले.

"झालं का?" डोळे न उघडता तिने विचारले.

"झालं."

"वय लिही खाली. चौऱ्याहत्तर." मी खिशातले पेन काढत असल्याचा आवाज तिला आला असावा. "पेनानं नको. पेन्सिलीनंच लिही."